‘उद्यापासून बसतो’ म्हणणारा मुलगा

प्रश्न: मुलगा बारावी सायन्सला आहे. दिवाळीपासून रोज नवं टाइमटेबल करतो, भिंतीला चिकटवतो आणि ‘उद्यापासून बसतो’ म्हणतो. फिजिक्सचं जर्नल अर्धं कोरं आहे. ओरडलं की दार लावून मोबाईल बघत बसतो. हा आळस कसा घालवू? क्लास बदलू का? – एक आई, राजारामपुरी, कोल्हापूर

ताई, क्लास आता बदलू नका. बोर्डाचा लेखी पेपर फेब्रुवारीत असतो, प्रॅक्टिकल त्याच्याही आधी. नव्या ठिकाणी रुळण्यातच पंधरवडा जाईल, आणि दुखणं तिथं नाहीच.

त्याला आळशीही म्हणू नका. ज्याला अभ्यासाची फिकीर नाही तो रोज टाइमटेबल आखत बसत नाही. पुस्तक उघडलं की ‘मला हे येत नाही’ ही भीती वर येते आणि मोबाईल हातात घेतला की ती तेवढ्यापुरती शमते. चालढकलीवर काम करणारे कॅनडातले मानसशास्त्रज्ञ टिमोथी पिचिल हेच सांगत आलेत: प्रश्न वेळेच्या नियोजनाचा कमी, नकोशा भावनेपासून पळण्याचा जास्त. म्हणून ओरडून काम होत नाही; भीती वाढते, दार आणखी घट्ट लागतं.

येत्या रविवारी त्याला फिजिक्सचं पुस्तक घेऊन बसायला सांगा. १६ पाठ आहेत. प्रत्येकापुढं एक खूण करायची: येतं, अर्धवट येतं, काहीच कळलं नाही. ‘फिजिक्स येत नाही’ म्हणणाऱ्या बहुतेक मुलांचं घोडं दोन-तीन पाठांतच अडलेलं असतं, बऱ्याचदा पहिल्याच रोटेशनल डायनॅमिक्समध्ये, म्हणजे फिरणाऱ्या वस्तूंच्या पाठात. भिंतीवरचं टाइमटेबल काढून तिथं ही यादी लावा.

मग सुरुवात अगदी छोटी हवी. ‘सहा ते आठ फिजिक्स’ असं लिहिलं की कुठून धरायचं तेच कळत नाही. त्याऐवजी पुस्तकातलं एक सोडवलेलं उदाहरण घ्यायचं, उत्तर झाकायचं आणि फक्त दिलेली माहिती एसआय एककांत, म्हणजे मीटर, किलोग्रॅम, सेकंद अशा प्रमाण एककांत, लिहायची. चाक मिनिटाला ३०० फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला ५. त्याला २π नं गुणलं की कोनीय वेग सुमारे ३१.४ रेडियन प्रति सेकंद. इथं थांबला तरी चालेल. बहुतेक मुलं थांबत नाहीत, कारण पुढचं सूत्र आता दिसायला लागलेलं असतं. गणित चुकण्याची मोठी जागाही हीच: फेरे तसेच सूत्रात घातले जातात.

वेळ घड्याळावर नको, रोजच्या एखाद्या गोष्टीला बांधा: ‘क्लासवरून येऊन चहा झाला की टेबलावर बसून एक उदाहरण.’ २५ मिनिटं अभ्यास, ५ मिनिटं उठायचं. मोबाईल तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत. जप्त करू नका, तो स्वतः ठेवून येऊ दे. शाहू स्टेडियमवरची मॅचही बंद करू नका. ती ठरलेली असली की त्याआधीचा अभ्यास उलट नीट होतो.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी खाडा होईलच. खरी गडबड त्यानंतर होते: ‘उद्या डबल करतो’ म्हणतो, डबल झेपत नाही आणि सगळंच सुटतं. राहिलेलं राहू द्या, आजचं एक उदाहरण आजच. २०१० मध्ये पिचिल आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कॉलेजच्या पहिल्या वर्षातल्या ज्या विद्यार्थ्यांनी पहिल्या परीक्षेआधीच्या चालढकलीबद्दल स्वतःला माफ केलं, त्यांची पुढच्या परीक्षेआधीची चालढकल कमी झाली. म्हणून खाड्याच्या दिवशी टोमणा नको. ‘झाला का अभ्यास?’ याऐवजी ‘कुठं अडलं?’ विचारा, आणि जे अडलं ते दुसऱ्या दिवशी सरांना विचारायला लावा.

मात्र झोप, जेवण, मित्र, खेळ यांतलंही मन दोन आठवडे उडालेलं दिसलं, तर तो चालढकलीचा मामला नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला किंवा डॉक्टरांना दाखवा.

राहिलं जर्नल. प्रॅक्टिकलला ३० गुण आहेत, पण जर्नल लिहायला ताज्या डोक्याची गरज नाही; ते रात्री जेवणानंतर करू दे. एका बैठकीत दोन प्रयोग: उद्देश, सूत्र, निरीक्षणांचा तक्ता, आलेख. रीडिंग स्वतःचीच हवीत. मित्राची उतरवलेली तोंडी परीक्षेत लगेच उघडी पडतात. प्रयोगच बुडाला असेल तर तो पुन्हा करून घ्यायला सरांना याच आठवड्यात विचारा, आणि पूर्ण झालेल्या प्रयोगांवर दर आठवड्याला सही घेत जा. शेवटी सगळी बॅच एकदमच जर्नल घेऊन येते, तेव्हा चुका दुरुस्त करायला कुणालाच वेळ नसतो.