नव्या पाश्चात्त्य संगीताकडे वळणाऱ्या फ्लूटवादकाला

सुरुवात संगीतकार एडगार व्हारेझच्या 'डेन्सिटी २१.५'ने कर. १९३६ साली फ्लूटवादक जॉर्ज बारेरच्या प्लॅटिनमच्या फ्लूटसाठी लिहिलेली ही रचना चार-पाच मिनिटांचीच, पण घाम काढते. त्यात एके ठिकाणी हळू सुरासोबत कळांची टकटक ऐकू यावी लागते. बोटं एकसारखी पडत नसतील तर तिथे लगेच कळतं. पुढे इतर नव्या रचनांत एकाच बोटमांडणीत दोन सूर एकदम काढताना आधी खालचा धर, मग वरचा, आणि ओठ न आवळता फुंकेचा कोन मधे कुठे बसतो ते शोध. जोर लावून काही होत नाही.

वाद्य घेताना कळांना भोकं असलेलं घे. बोट हळूच सरकवून थोडीफार मींड निघते. आपल्या बांबूच्या बासरीची सर येणार नाही, ते सोड.

बासरीवर संशोधन करायचं म्हणतेस ना? मग आधी गुरूपुढे बसून एक राग नीट शीक. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या कोडार्ट्स या कला विद्यापीठातही बासरी शिकवतात. रेकॉर्डिंग विचारूनच कर, आणि लेखात गुरुजींचं नाव तळटीपेत ढकलू नकोस.

शिकवण्या मात्र चालू ठेव. नव्या संगीताच्या मैफिलींवर घरभाडं सुटत नाही.