परवाना मिळाला तर रोही (नीलगाय) नर मारावा की मादी?

प्रश्न (कारंजा आणि मंगरुळपीर तालुक्यांतल्या शेतकऱ्यांकडून आलेले, एकत्र करून): "साहेब, हरभरा वीतभर झाला की रोही आणि हरणं रात्रीतून शेंडे खुडून टाकतात. रोह्यासाठी परवान्याचा अर्ज करायचं गावात चाललंय, पण त्यात दोन तट पडलेत. म्हातारी माणसं म्हणतात, मारायचाच तर नर मारा, मादीला हात लावू नका, वंश बुडतो. पोरं म्हणतात, मादी मारल्याशिवाय कळप कमी होत नाही. अमेरिकेत मादीसाठी वेगळा परवाना देतात, मोबाईलवर पाहिलंय. खरं कोणाचं? आणि हरणाला हाच नियम लागतो का?"

उत्तर: हरणाचं आधी सांगतो, कारण तिथे चूक झाली तर घर उठेल. आपल्या भागात शेतात उतरतं ते हरीण म्हणजे काळवीट. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये ते अनुसूची १ मध्ये आहे. या अनुसूचीतल्या प्राण्याला मारण्याची परवानगी फक्त राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात, आणि तीही प्राणी माणसाच्या जिवावर उठला असेल किंवा बरा न होण्याइतका जखमी वा आजारी असेल तरच. पीक खाल्लं हे कारण तिथे चालतच नाही. नर असो, मादी असो, पाडस असो, शिक्षा ३ ते ७ वर्षं आणि दंड किमान २५,००० रुपये. जोधपूरचा १९९८ चा काळवीट खटला किती वर्षं चालला ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं आहे. चितळाचं नाव अनुसूची २ मध्ये असलं, तरी राज्याने रोही आणि रानडुकरासाठी सोप्या केलेल्या परवानगीत ते नाही. म्हणजे तुमचा नर-मादीचा वाद फक्त रोह्यापुरता उरतो. रोही हे तसं हरीणही नव्हे आणि गायही नव्हे, ते कुरंग (अँटिलोप) जातीचं जनावर.

आता वाद. दोन्ही तटांचं म्हणणं अर्धं अर्धं खरं आहे, कारण दोघांना हवंय ते वेगळं. वंश टिकवायचा असेल तर मादी राखायची, हे म्हाताऱ्यांचं बरोबर. कळप कमी करायचा असेल तर नर मारून काही होत नाही, हे पोरांचं बरोबर. तुमच्यातले निम्मे लोक शेळ्या पाळतात, त्यामुळे फार समजावायला नको: बोकड विकले म्हणून पुढच्या वर्षी करडं कमी होतात का? पंचवीस शेळ्यांना एक बोकड पुरतो. रोह्याचं तेच. एक नर अनेक माद्यांना पुरतो, मादीचा गाभणकाळ साधारण आठ महिन्यांचा, आणि जुळी होणं ही तिच्यात नेहमीची गोष्ट. वीस जनावरांच्या कळपात पाच नर आणि पंधरा माद्या धरा. चार नर मारले तरी पुढच्या वर्षीची पिल्लं जवळपास तेवढीच. चार माद्या गेल्या तर चार ते आठ पिल्लं जन्मालाच येत नाहीत, आणि त्यांतल्या माद्यांची पुढची वीण वेगळीच.

पण बंदूक हातात आली की मरतो नर. अंगाने मोठा, रंगाने निळसर काळा, बरेचदा एकटा फिरणारा, लांबून ओळखू येणारा. माद्या आणि पिल्लं मातकट रंगाची, तुरीत शिरली की दिसत नाहीत. त्यामुळे परवान्यावर रोही पडल्याचं ऐकाल तेव्हा तो बहुतेक नर असेल, आणि पुढच्या हंगामात कळप तेवढाच दिसला तर नवल वाटून घेऊ नका. राग निघतो, हरभरा वाचत नाही.

अमेरिकेचं पोरांनी पाहिलं ते खरं आहे, पण त्यामागची शंभर वर्षं त्या व्हिडिओत आली नसतील. तिथलं पांढऱ्या शेपटीचं हरीण बेसुमार शिकारीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाच लाखांवर किंवा त्याखाली आलं होतं. तेव्हा अनेक राज्यांनी मादी मारायला बंदी केली. पेनसिल्वेनियाने तो कायदा १९०७ मध्ये केला. तिथे लांडगे तर आधीच संपले होते, त्यामुळे हरणं अशी वाढली की जंगलात नवी रोपं वर येईनात, हिवाळ्यात कळप उपाशी मरू लागले आणि शेतकरी ओरडू लागले. १९२८ मध्ये त्याच राज्याला उलटं करावं लागलं: त्या हंगामात नर मारायला बंदी आणि माद्यांची शिकार खुली. शिकारी चिडले, कारण मादी मारायची नाही हे दोन दशकं त्यांच्या मनावर ठसवलं गेलं होतं. पुढे विस्कॉन्सिनने तर काही भागांत असा नियम लावला की आधी मादी किंवा बिनशिंगाचं पिल्लू मारून दाखवा, मगच शिंगवाला नर मारायची मुभा. आज त्या देशात ही हरणं तीन कोटींच्या आसपास आहेत. तेव्हा मादीचा वेगळा परवाना ही काही मौज नाही. हरणं मोजून, किती कमी करायची ते आधी ठरवून दिलेला तो आकडा असतो.

स्कॉटलंडच्या पश्चिमेला रम नावाचं बेट आहे. तिथल्या तांबड्या हरणांचा अभ्यास १९५३ पासून चालू आहे. बेटाच्या उत्तर भागात १९७२ मध्ये माद्या मारणं थांबवलं. माद्या दुपटीहून जास्त झाल्या हे तर होणारच होतं, पण नर कमी झाले. चारा अपुरा पडला की नर पाडसं जास्त मरतात, आणि तरणे नर दुसरीकडे निघून जातात. म्हणजे मादी राखली म्हणून कळप दोन्ही अंगांनी वाढतच राहतो असंही नाही.

उलटं टोकही ऐका, नाहीतर कोणी म्हणेल नर कितीही मारा, फरक पडत नाही. कझाकस्तान आणि रशियाच्या काल्मिकियात सैगा नावाचं कुरंग आहे. शिंगं फक्त नराला, आणि चिनी औषधांच्या बाजारात त्या शिंगांना भाव. सोव्हिएत राज्य कोसळल्यावर चोरट्या शिकाऱ्यांनी नर इतके टिपले की काल्मिकियात मोठे नर शंभरात एकही उरेना. माद्या होत्या, पण बऱ्याच गाभणच राहिल्या नाहीत. एक नर पुष्कळांना पुरतो याला हद्द आहे, आणि ती हद्द ओलांडली की कळप एकदम कोसळतो.

मग आपल्याकडे काय करायचं? परदेशात मादीच्या शिकारीला कॅलेंडर असतं. स्कॉटलंडमध्ये तांबड्या हरणाची मादी २१ ऑक्टोबर ते १५ फेब्रुवारी एवढ्याच काळात मारता येते, कारण पाडसं उन्हाळ्याच्या सुरुवातीला होतात आणि तोवर जरा मोठी झालेली असतात. आपल्याकडे रोह्याची मादी वर्षातल्या कोणत्याही महिन्यात विते. पिल्लू पहिले काही आठवडे उसात, तुरीत किंवा गवतात दडून बसतं आणि आई एकटीच चरताना दिसते. मादीसोबत पिल्लू नाही म्हणजे ती बिनपिल्लाची, असं शेताच्या बांधावरून ठरवता येत नाही. म्हणून माझा सल्ला असा: तुमच्या गावाच्या एखाद्या परवान्यासाठी मादी मारायचा आग्रह धरू नका. दोन-चार माद्या मारून तालुक्यातली संख्या हटणार नाही, दडलेलं पिल्लू मात्र भुकेने मरेल. माद्या कमी करायच्याच असतील तर ते आधी मोजणी करून, जिल्ह्याच्या पातळीवर, वन विभागानेच करण्याचं काम आहे. बिहारमध्ये केंद्राने डिसेंबर २०१५ मध्ये रोही आणि रानडुकराला वर्षभरासाठी उपद्रवी जाहीर केलं, आणि जून २०१६ मध्ये मोकामा भागात हैदराबादहून आणलेल्या बंदूकवाल्याने थोड्या दिवसांत दोनशेहून अधिक रोही मारले. त्यावरून केंद्रातल्या दोन मंत्र्यांचं जाहीर भांडण झालं ते गाजलं. नर किती, मादी किती, पुढच्या वर्षी काय, हे कोणी विचारलंच नाही. असला कार्यक्रम आपल्याकडे नको, असं माझं स्पष्ट मत आहे. मध्य प्रदेशात शाजापूरकडे २०२५ मध्ये हेलिकॉप्टरने हाकून, बोमा पद्धतीच्या नरसाळ्यासारख्या कुंपणात काळवीट आणि रोही पकडून दुसरीकडे नेले. खर्चिक आहे, पण कळपच्या कळप माद्यांसकट हलतो. आमदारांकडे मागणी करायचीच तर मोजणीची आणि याची करा.

तरीही परवाना मागायचा असेल तर वनक्षेत्रपालाकडे अर्ज करा. रोही आणि रानडुक्कर यांच्यासाठी राज्याने २०१५ मध्ये ही पद्धत सोपी केली. लेखी परवानगी हातात आल्याशिवाय बंदूक उचलायची नाही, आणि बंदूकही परवान्याचीच हवी. मेलेलं जनावर सरकारच्या मालकीचं असतं. मटणाचे वाटे घातले तर परवाना असूनही गुन्हा होतो, हे पोरांना नीट सांगा.

पीक वाचवायचं म्हणाल तर माझा जास्त भरवसा राखणीवर आणि कुंपणावर आहे. हरभऱ्याच्या कडेने करडईच्या चार-सहा ओळी घालायची जुनी रीत सोडू नका. करडई काटेरी झाली की हरीण तिच्यातून शिरायला बिचकतं. मात्र कोवळी करडई तेच खातं, म्हणून सुरुवातीचा महिनाभर राखण लागतेच. राखण वाडीने पाळी लावून करा. एकट्याने केली की कळप फक्त शेजारच्या शेतात सरकतो आणि पुढच्या ग्रामसभेत भांडण होतं. सौर झटका मशीन घेणार असाल तर खालची तार जमिनीपासून फूटभरावर ठेवा, कारण डुक्कर आणि हरीण खालून घुसतात. रोह्यासाठी वरची तार छातीच्या वर हवी. तारेखालचं गवत कापत राहा. गवत तारेला टेकलं की झटका जमिनीत जातो आणि मग कंपनीला शिव्या बसतात. अर्थिंगची जागा ओली ठेवा. व्याघ्र प्रकल्पाच्या बफर (भोवतालच्या) क्षेत्रालगतच्या गावांना डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून कुंपणाला अनुदान मिळतं, तुमचं गाव यादीत आहे का ते वन विभागात विचारा. आणि खांबावरून आकडा टाकून तारेत करंट सोडणं हे कुंपण नव्हे. त्यात वाघ मेलेत, राखणीला गेलेली माणसंही मेलीत, आणि त्यात जामीन सहज होत नाही.

नुकसान झालंच तर तीन दिवसांच्या आत जवळच्या वन कार्यालयात तक्रार द्या. चौथ्या दिवशी आलेल्या माणसाला मी काही मदत करू शकत नाही. सातबारा, पिकाची नोंद, खुडलेल्या शेंड्यांचे आणि खुरांचे फोटो सोबत ठेवा. शक्य असेल तर फोटोत शेताचा बांध किंवा ओळखीचं झाड येऊ द्या. विमा काढला असेल तर खरीप २०२६ पासून वन्यप्राण्यांचं नुकसान पीकविम्यात धरायची सोय केंद्राने जाहीर केली आहे. त्यातही कळवायची मुदत ७२ तासांचीच. पण राज्याने आपला जिल्हा आणि कोणते प्राणी त्यात घेतले आहेत ते हप्ता भरण्याआधी विचारून घ्या. वन विभागाची भरपाई आणि विमा हे दोन वेगळे अर्ज आहेत. पंचनाम्याची तारीख कळली की त्या दिवशी सकाळीच सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहायक) फोन करा, कृषी खात्याचा आमचा माणूस शेतात हजर असला पाहिजे.