माजी सैनिक संघटनेचं सभासद होऊन नेमका काय फायदा?

वडील नुकतेच फौजेतून निवृत्त झालेत, तालुक्याच्या माजी सैनिक संघटनेची वर्गणी भरावी का, असं तुम्ही विचारलंय. जरूर भरा.

खरा आधार मिळतो तो कागदपत्रांत. आमच्या शेजारच्या काकूंचं काकांच्या डिस्चार्ज बुकात (फौजेतून सुटताना मिळणारं नोंदींचं पुस्तक) माहेरचंच नाव राहिलेलं. काका गेले आणि फॅमिली पेन्शन तिथेच अडली. संघटनेतले एक रिटायर्ड सुभेदार त्यांना घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेले, प्रतिज्ञापत्र करून घेतलं, फौजेच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसकडे महिनोन्‌महिने पाठपुरावा केला. पेन्शन सुरू झाली तेव्हा काकूंनी पहिले पेढे त्यांच्याच हातावर ठेवले. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी थकलेल्या जवानांचे अंगठे घ्यायलाही हीच माणसं बसतात.

मानसन्मानही मनापासून होतो. २६ जुलैला कारगिल विजय दिवशी वीरमाता, वीरपत्नी पहिल्या रांगेत असतात. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी गावातले ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. त्यांचा स्मृतिस्तंभ गावाने आजही जपलाय.

नाव नोंदवायला जाताना डिस्चार्ज बुक आणि पीपीओची (पेन्शन मंजुरीचा आदेश) झेरॉक्स न्या. आईच्या नावाचं स्पेलिंग तिथेच तपासून घ्या.