बोल्ट मारलेले असूनही छत कोसळतं कसं?

प्रश्न : माझा भाचा भूमिगत कोळसा खाणीत लागला आहे. छताला बोल्ट मारलेले असतात म्हणे. मग छत कोसळून माणसं का दगावतात? – एक वाचक, वणी

उत्तर : बोल्ट म्हणजे छतात भोक पाडून सिमेंटने पक्की केलेली लोखंडी सळई. जिथवर बोल्ट पोचलेला नाही, तिथे धोका सगळ्यात जास्त. सुरुंग उडाला की फेसजवळचं (जिथे कोळसा खणला जातो त्या तोंडाजवळचं) छत नव्याने उघडं पडतं. दिसायला शाबूत, पण आतले थर सुटू लागलेले असतात. कोळसा भरण्याच्या घाईत माणूस शेवटच्या बोल्टच्या पुढे जातो आणि तिथेच सापडतो.

धूर निवळल्यावर मायनिंग सरदाराने (सुरक्षेची तपासणी करणाऱ्या पर्यवेक्षकाने) बोल्ट मारलेल्या छताखालीच उभं राहून लांब सळईने पुढचं छत ठोकून पाहायचं. ‘ठण्ण’ वाजलं तर थर घट्ट. ‘भद्द’ वाजलं तर वर पोकळी. सुटे दगड सळईनेच पाडायचे, तात्पुरते प्रॉप (टेकूचे खांब) लावायचे आणि मगच बोल्टसाठी ड्रिलिंग. हे टनेजच्या, म्हणजे जास्त कोळसा काढण्याच्या, नावाखाली टाळलं जातं.

खोट बोल्टमध्येही असते. भोक आखूड पडलं तर बोल्टच्या खालच्या टोकाची प्लेट छताला टेकत नाही. भोकात भरायच्या सिमेंटच्या कॅप्सूल नीट भिजल्या नाहीत किंवा एखादी कमी भरली, तर बोल्ट नुसता लटकतो आणि खालून काही कळत नाही. म्हणून जॅक लावून काही बोल्ट ओढून पाहतात. भाच्याला सांगा, हाताने हलणारी प्लेट दिसली तर ओव्हरमनला (सरदाराच्या वरच्या पर्यवेक्षकाला) कळवायचं, खाली बसून डबा खायचा नाही. डिपिलरिंगमध्ये, म्हणजे आधाराला ठेवलेले कोळशाचे खांब काढताना, प्रॉप करकरायला लागले, वरून माती झरू लागली, तर ड्रिल तिथेच टाकून निघायचं.

प्रश्न : चासनाळ्याच्या कोळसा खाणीतल्या दुर्घटनेत पाणी आलं कुठून? – एक वाचक, नागपूर

उत्तर : जुन्या, सोडून दिलेल्या खोदकामातून. २७ डिसेंबर १९७५ला धनबादजवळच्या त्या खाणीत मधली भिंत फुटली आणि ३७५ जण गेले. बंद खाणीत पाणी साचतं. तिचा नकाशा अपुरा असेल तर नवं खोदकाम थेट त्यावर जाऊन धडकतं. जुन्या कामापासून ६० मीटरच्या आत विनापरवानगी खोदायचं नाही, हा नियम त्यासाठीच. परवानगी मिळाली तरी फेसच्या मधोमध एक आणि दोन्ही बगलांना तिरकी, अशी भोकं पाडत जायचं. ती फेसच्या निदान ३ मीटर पुढे असलीच पाहिजेत. भोकातून दाबाने पाणी आलं तर ते बंद करता यावं म्हणून दट्ट्या हाताशी ठेवायचा. कोळसा एकाएकी ओला लागला, तर आधी माणसं वर काढायची. नकाशा नंतर उघडायचा.