मायक्रोआरएनए जनुकाला 'मूक करतो', 'बंद पाडतो' की 'दाबतो'?

प्रश्न असा आहे. बेळगावात एमएस्सी करणारी एक मुलगी कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी मराठीत लेख लिहायलीय, विषय कॅन्सर आणि प्रतिकारशक्तीमधलं मायक्रोआरएनएचं, म्हणजे पेशीतल्या आरएनएच्या एका छोट्या तुकड्याचं, काम. शिकणं सगळं इंग्लिशमधनं, त्यामुळं 'जीनला सायलेन्स करतो' हे मराठीत आणताना अडलंय. मॅडम म्हणतात 'जनुकाला मूक करतो' लिही, मैत्रीण म्हणते 'जीन बंद पाडतो' लिही की सरळ. शिवाय 'सूक्ष्म आरएनए' चालेल का, आणि तो आरएनए की ते आरएनए?

सोपं आधी उरकतो. 'तो' लिहा. पुस्तकी हिशोबानं ते रायबोन्यूक्लिइक आम्ल, म्हणून 'ते' बरोबर असं कुणी म्हणेल, पण 'त्याचा डीएनए जुळला' असंच आपण बोलतो आणि आरएनए त्याच्याच मागनं गेलाय. तसंही बायकासुद्धा 'मी येतो गं' म्हणणाऱ्या आमच्या मुलखात लिंगावरून कुणी भांडत बसत नाही. 'सूक्ष्म आरएनए' मात्र नको. सूक्ष्म म्हटलं की सूक्ष्मजीव आठवतात, त्यात कोरोनाच्या दोन वर्षांत आरएनए हा शब्द लोकांनी व्हायरसबरोबरच ऐकला, म्हणजे वाचणाऱ्याला वाटणार कुठल्यातरी जंतूचा आरएनए. हा तर आपल्याच पेशीत तयार होतो. मायक्रोआरएनए, एक शब्द, बास.

आता क्रियापद. माझं मत 'दाबतो'. 'मूक' आणि 'बंद' दोन्ही चुकीचे अशासाठी की जनुकाला हा हातच लावत नाही. जनुक डीएनएत आपल्या जागी असतो, त्याच्यावरनं संदेश निघतो, संदेशवाहक आरएनए, आणि त्या संदेशावरनं प्रोटीन बनतं. मायक्रोआरएनए साधारण 22 अक्षरांचा तुकडा (अक्षरं म्हणजे आरएनएच्या साखळीतल्या कड्या), आर्गोनॉट नावाच्या प्रोटीनच्या कुशीत बसून फिरतो आणि संदेशाच्या शेपटाकडं जुळणारी अक्षरं सापडली की तिथं चिकटतो. सगळी 22 जुळायला लागत नाहीत, सुरवातीची दुसऱ्यापासून आठव्यापर्यंतची जुळली तरी बहुतेक वेळा काम भागतं, म्हणूनच एकच मायक्रोआरएनए शेकड्यानं वेगवेगळे संदेश धरू शकतो. हे म्हणजे आपल्याकडं ऑफिसात कागद दाबतात तसं. ऑर्डर वरनं निघालीय, सही आहे, शिक्का आहे, पण टेबलावरच्या माणसानं कागद फाईलखाली सरकवला की काम होत नाही, आणि बराच काळ दाबलेला कागद शेवटी फाडूनही टाकतात, तेही इथं होतं, संदेश तोडला जातो. वरचा साहेब मात्र आहे तिथंच. मराठीत 'प्रकरण दाबलं' आपण रोज म्हणतो, मग नवा शब्द कशाला घडवायचा? 'मूक' हा शब्द डीएनएवरच मिथाइल नावाचे रासायनिक ठप्पे बसून जनुक खरोखर गप्प होतो त्यासाठी राखून ठेवा.

आणि दाबणं हे कमीजास्त असतं, बंद पाडणं नसतं. बऱ्याचदा प्रोटीन थोडंच घटतं. पण कॅन्सर काय, प्रतिकार काय, सगळा खेळ त्या थोड्याचाच आहे.

लेखात हे दाखवायचं तर दोन उलटी उदाहरणं शेजारी ठेवा. 2002 मध्ये कॅन्सर संशोधक कार्लो क्रोचे यांच्या गटानं दाखवलं की एका प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये, क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियात, 13 व्या गुणसूत्राचा जो तुकडा वारंवार गळालेला दिसतो त्यातच मिर-15ए आणि मिर-16-1 हे दोन मायक्रोआरएनए ('मिर' हे त्याचंच छोटं नाव) बसलेत. हे दोघं बीसीएल2 ला दाबतात, आणि बीसीएल2 हे पेशीला मरू न देणारं प्रोटीन. दाबणारा गेला, बीसीएल2 वाढलं, मरायची पेशी मरेना झाली. आता उलटं: तुमच्या बेळगाव जिल्ह्यातलं निपाणी म्हटलं की तंबाखू, म्हणून तोंडाचा कॅन्सर तुमच्या वाचकांना सांगायला नको, तर त्या गाठींत मिर-21 वाढलेला सापडतो, आणि तो दाबतो पीटेन, जे पेशीची वाढ आवरून धरतं. म्हणजे एकीकडं दाबणारा कमी पडला म्हणून घोटाळा, दुसरीकडं दाबणारा जास्त झाला म्हणून. 'कॅन्सरला रोखणारा आरएनए' असलं हेडिंग दिलंत तर अर्धंच खरं होईल. तो कुणाला दाबतोय ते वाक्यात आलंच पाहिजे.

प्रतिकाराच्या बाजूला ही गंमत अजून वाढते. इथं 'प्रतिकारशक्ती' हा शब्दसुद्धा जरा जपून, शक्ती म्हटलं की आपण ती काढा पिऊन वाढवायलाच निघतो. 'प्रतिकाराचा प्रतिसाद' लिहिलं तर कळतं की ही सुरू होणारी आणि वेळेत थांबावी लागणारी गोष्ट आहे. जंतू आला की एनएफ-कप्पा-बी हे प्रतिकाराची जनुकं चालू करणारं प्रोटीन जागं होतं, त्याच्या हुकमानं मिर-146ए बनतो आणि तो ट्राफ6 नि आयरॅक1 ला, म्हणजे एनएफ-कप्पा-बीला जागं करणाऱ्या प्रोटीनांना, दाबतो, म्हणजे ज्या साखळीनं त्याला जन्माला घातलं तिलाच. आग आपोआप आवरते. मिर-155 सुद्धा त्याच धामधुमीत वाढतो पण तो सॉक्स1 आणि शिप1 ला दाबतो, आणि हे दोघं स्वतः आवर घालणारे! आवरणाऱ्यालाच दाबलं, त्यामुळं प्रतिसाद चढतो. हा मिर-155 काढून टाकलेल्या उंदरांची प्रतिकारयंत्रणा लुळी पडली, 2007 चं काम, आणि त्याच्या एक वर्ष आधी बी पेशींत तो जास्त बनवलेल्या उंदरांना रक्ताचा कॅन्सर झाला होता. कमी असला तरी पंचाईत, जास्त झाला तरी पंचाईत.

इतिहास दोन ओळींत द्या, जास्त नको. 1993, व्हिक्टर अॅम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकुन, एक मिलिमीटरचा गोलकृमी, त्यात सापडलेला पहिला मायक्रोआरएनए लिन-4. मग 2000 मध्ये दुसरा, लेट-7, जो माणसातही सापडला तेव्हा लोक खडबडून जागे झाले, आणि 2024 चं नोबेल त्या दोघांना. सात वर्षं बहुतेकांना हा किड्याचाच काहीतरी चाळा वाटत होता.

औषधाबद्दल लिहिणार असाल तर गाठींना आवर घालणाऱ्या मिर-34ए ची नक्कल असलेलं एमआरएक्स34 हे औषध जरूर घ्या, तुमचे दोन्ही विषय त्यात एकत्र येतात. दिलं कॅन्सरसाठी, पण काही रुग्णांत प्रतिकाराच्याच गंभीर प्रतिक्रिया उठल्या आणि 2016 मध्ये चाचणी थांबवावी लागली.

तर मॅडमना दाखवायला वाक्य असं करा: "मिर-155 हा सॉक्स1 चा संदेश दाबतो, त्यामुळं प्रतिकाराचा प्रतिसाद वाढतो." छापील मराठीत 'दाबतो' गावठी वाटलं तर 'आवर घालतो' लिहा, पण 'दडपतो' टाळा, पेपरवाल्यांनी तो शब्द पार गुन्ह्याचा करून टाकलाय. आणि नावं 'मिर-155' अशीच लिहा, लॅबमध्ये सगळे 'मिर'च म्हणतात, 'एमआयआर' कुणी म्हणत नाही.