लंगडी सोपवणूक की पोकळ?

प्रश्न मिरजेहून आला आहे. इंटरनेट टेलिफोनीवरची टिपणं मराठीत आणणाऱ्या एका वाचक ताईंनी विचारलंय, 'लेम डेलिगेशन'ला 'लंगडं प्रत्यायोजन' म्हणावं का?

आधी वस्तू पाहू. २००० साली आरएफसी २९१६ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात मांडलेल्या ईनम पद्धतीत फोन क्रमांकाचं डोमेन नाव करतात. सांगलीचा ०२३३ घ्या. देशाच्या ९१सकट तो ९१२३३ झाला. तो उलटा लिहून अंकाअंकात टिंब द्यायचं आणि शेवटी ई१६४.आर्पा जोडायचं: ३.३.२.१.९.ई१६४.आर्पा. उलटा का? फोन क्रमांक देशाकडून घराकडे येतो, डोमेन नाव मात्र टपालाच्या पत्त्यासारखं घराकडून वर चढतं, मु. पो., मग ता. तासगाव, मग जि. सांगली.

ई१६४.आर्पाची वही राइप एनसीसी ही ॲमस्टरडॅमची संस्था सांभाळते. तिथे एखाद्या देशाच्या क्रमांकापुढे नेमसर्व्हरांची, म्हणजे डोमेन नावांच्या चौकशीला उत्तर देणाऱ्या संगणकांची, नावं चढली की खालचा कारभार त्यांच्याकडे जातो. हेच डेलिगेशन, म्हणजे सोपवणूक. आता त्यांतल्या एकाला 'डिग' या संगणकावरच्या चौकशीच्या आज्ञेने विचारावं आणि त्याने गप्प बसावं, किंवा 'रिफ्यूज्ड' म्हणून नकार द्यावा. वर नोंद आहे, खाली कोणी नाही, हेच लेम डेलिगेशन. हे दुखणं आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. आमच्या तासगावकडच्या बागेच्या सातबाऱ्यावर एका चुलत्यांचं नाव वर्षानुवर्षं होतं. त्यांना धाडलेली नोटीस परत आली, पाकिटावर निळ्या शाईत शेरा: 'सदर इसम या पत्त्यावर राहत नाही'. नावावर आहे, वहिवाटीत नाही.

म्हणून 'लंगडं' मला सरसकट पटत नाही. लंगडी सबब आपण म्हणतो, पण लंगडणारा चालतो तरी. दोन सर्व्हरांपैकी एकच उत्तर देत असेल तर 'लंगडी सोपवणूक' अगदी नेमकं बसतं. दोन्ही मुके असतील तर 'पोकळ सोपवणूक' म्हणा. बडा घर पोकळ वासा, त्यातला पोकळ. 'बेवारस' नको, कारण वारसाचं नाव लिहिलेलं असतंच. 'प्रत्यायोजन' हा शासकीय शब्द चुकीचा नाही, पण तो अधिकारांच्या आदेशात शोभतो. टिपणात 'सोपवणूक' पुरे.

हा भेद नुसता शब्दांचा नाही. नोंदच नसेल तर 'असं नाव नाही' हे उत्तर झटकन मिळतं आणि कॉल नेहमीच्या टेलिफोन जाळ्याने पुढे जाऊ शकतो. पोकळ नोंदीत मुक्या सर्व्हरला पुनःपुन्हा विचारण्यात सेकंद जातात, तोवर फोन करणारा शांतता ऐकत बसतो. लंगडीत दुसरा सर्व्हर निभावून नेतो, म्हणून बिघाड महिनोन्‌महिने कुणाच्या ध्यानातही येत नाही.

ताईंचा दुसरा प्रश्न 'रिमूव्ह'चा, म्हणजे अशी नोंद वहीतून काढण्याला काय म्हणावं याचा. 'हटवणे', 'काढून घेणे' यांत शिक्षेचा सूर आहे. देशाच्या क्रमांकावरचा हक्क त्या देशाचाच राहतो, सोपवणुकीच्या मागणीत जिनिव्हाच्या आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेचाही सहभाग असतो. तेव्हा परस्पर खोडणं बरं दिसत नाही. महसुलातला 'नाव कमी करणे' हा प्रयोग इथे हाताशी आहे. त्यात हक्कावर बोट ठेवलं जात नाही, फक्त वही खरी होते. वाक्य असं करता येईल: 'पोकळ सोपवणूक आढळल्यास संबंधित देशाला कळवावे आणि त्याच्या संमतीने त्या नेमसर्व्हरांची नावे कमी करावीत.'