बेसबॉलमधलं 'ऑब्स्ट्रक्शन' म्हणजे 'क्षेत्ररक्षणात अडथळा' का?

प्रश्न असा आहे : बेसबॉलमध्ये होम प्लेटवर, म्हणजे धाव पूर्ण होते त्या जागी, कॅचरविरुद्ध (क्रिकेटच्या यष्टिरक्षकासारखा खेळाडू) 'ऑब्स्ट्रक्शन' दिलं जातं, त्याला क्रिकेटच्या बातम्यांतला 'क्षेत्ररक्षणात अडथळा' हा तयार शब्द चालेल का?

माझं ठाम मत, चालणार नाही. क्रिकेटमध्ये अडथळा आणतो फलंदाज आणि बादही तोच होतो. 2006 साली पेशावरला भारताविरुद्ध इंझमाम-उल-हक असाच बाद झाला होता. बेसबॉलमध्ये सगळं उलट. तिथे दोष क्षेत्ररक्षकाचा, आणि फायदा मिळतो तो रनरला, म्हणजे धावणाऱ्या खेळाडूला. शिवाय क्रिकेटमध्ये फलंदाजाने मुद्दाम केलं का, हे पंच पाहतात. बेसबॉलमध्ये ऑब्स्ट्रक्शनसाठी हेतू लागतच नाही.

2013 च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अमेरिकेतल्या बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा, तिसरा सामना आठवा. थर्ड बेसवर, म्हणजे होमच्या आधीच्या टप्प्यावर, बॉस्टनचा विल मिडलब्रुक्स चेंडूसाठी झेपावून जमिनीवर पडला होता. सेंट लुईसचा ॲलन क्रेग उठून होमकडे पळताना त्याच्यावर अडखळला. होम प्लेटवर चेंडू आधी पोचला, तरी पंचांनी क्रेगला सेफ (नाबाद) दिलं आणि सेंट लुईसने सामना 5-4 जिंकला. मिडलब्रुक्सने मुद्दाम काही केलं नव्हतं, पण रनरची वाट अडली होती आणि तेवढं पुरेसं होतं.

होम प्लेटवरचा निवाडा आणखी नाजूक. 2011 मध्ये तिथल्या धडकेत कॅचर बस्टर पोझीचा पाय मोडला, त्यानंतर 2014 पासून मेजर लीगमध्ये (अमेरिकेतली बेसबॉलची मुख्य स्पर्धा) वेगळा नियम आला. चेंडू हातात नसेल तर कॅचरने रनरची वाट अडवायची नाही. मात्र येणारा थ्रो घ्यायला त्या जागी जावंच लागलं तर तो दोष नाही. रनरनेही वाट सोडून कॅचरवर धडकायचं नाही. म्हणजे पंचांना चेंडू कधी हातात आला, कॅचरचा पाय कुठे होता आणि थ्रो कुठून येत होता, हे सगळं एका क्षणात पाहावं लागतं.

म्हणून मी 'वाट अडवणे' सुचवतो. नुसत्या 'अडथळ्या'तून कोणी कोणाला अडवलं ते कळत नाही. 'इंटरफिअरन्स' या बेसबॉलमधल्या दुसऱ्या दोषासाठी 'व्यत्यय' ठेवावा. तो बहुधा फलंदाजी करणाऱ्या संघाचा असतो. बॅट फिरताना कॅचरचा ग्लोव्ह मध्ये आला तर तोही 'व्यत्यय'च, एवढा अपवाद लक्षात असू द्या.

असा प्रसंग मी मराठीत असा लिहीन : 'चेंडू हाती नसताना कॅचरने होम प्लेटची वाट अडवली, म्हणून पंचांनी रनरला सेफ दिलं.'